पिकअप ट्रकच्या मूळ चाकांना नवा रंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीबरोबर कारखान्यातून आलेली चाके न बदलता फक्त त्यांचा रंग बदलायचा असे ठरवणाऱ्यांचे प्रश्न बहुधा त्याच त्या ठिकाणी अडतात. ते येथे एकत्र केले आहेत. ‘ट्रक’ म्हणजे येथे पिकअप आणि त्या वर्गातील हलके मालवाहू वाहन समजावे. जड ट्रकांचा विचार प्रश्न १९ मध्ये आहे. ‘चाक’ हा शब्द टायर वगळून उरणाऱ्या धातूच्या भागासाठी वापरला आहे, ज्याला गॅरेजमध्ये कोणी डिस्क म्हणते तर कोणी रिम.

१. कंपनीच्या चाकांना दुसरा रंग देता येतो का? त्यामुळे चाक कमजोर तर होणार नाही ना?

रंग देता येतो, आणि नुसत्या रंगाने चाक कमजोर होत नाही. चाकाला धोका असतो तो रंगाच्या निमित्ताने केल्या जाणाऱ्या इतर गोष्टींचा: भट्टीतील अवाजवी उष्णता (प्रश्न १०), ओरखडा घालवण्याच्या नादात धातूच खोलवर घासून टाकणे, आणि बारीक तडा लांबी (खळगे भरण्याची पुट्टी) भरून झाकणे. म्हणून सुरुवात तपासणीने करावी. चाक स्वच्छ धुऊन नटांच्या भोकांभोवती, आऱ्या जिथे मध्यभागाला मिळतात तिथे आणि आतल्या कडेवर उजेड तिरपा पाडून पाहावे. केसासारखी रेघ दिसली, तर ते चाक रंगाच्या रांगेतून बाहेर काढावे.

२. माझी चाके लोखंडी आहेत, अलॉय आहेत की क्रोमची, हे घरी कसे ओळखू?

लोहचुंबक घट्ट चिकटला, तर चाक पोलादी; न चिकटल्यास ॲल्युमिनियमचे मिश्रधातू. एक अपवाद लक्षात ठेवावा. क्रोमच्या मुलाम्याखाली निकेलचा थर असतो आणि निकेलही चुंबकाला ओढते, त्यामुळे क्रोम केलेल्या ॲल्युमिनियमवर चुंबक हलकासा ओढ घेतो. पोलादावर तो ‘टक्’ करून बसतो, येथे नुसता रेंगाळतो. हाताला फरक लगेच कळतो.

चमकदार चाकांत तिसराही एक प्रकार आहे, आणि फसगत त्यातच होते. अमेरिकी बनावटीच्या अनेक मोठ्या पिकअपवर दिसणारे ‘क्रोम’ हे प्रत्यक्षात ॲल्युमिनियमच्या चाकावर कायमचे चिकटवलेले क्रोम-मुलाम्याचे प्लास्टिकचे कवच असते. नखाने टिचकी मारली तर धातूसारखा खणखणीत आवाज न येता डब्यासारखा बद्द आवाज येतो, आणि आऱ्यांमधल्या खिडकीच्या कडेला निरखून पाहिल्यास कवच आणि धातू यांच्यातील सांधा दिसतो. या चाकांची रीत पूर्ण वेगळी आहे (प्रश्न १३).

३. स्प्रेचा डबा, गनने दिलेला रंग, पावडर कोटिंग आणि सोलून काढता येणारा रबरी लेप, यांपैकी काय निवडावे?

रंग आवडेल की नाही याचीच खात्री नसेल, तर रबरी लेप द्यावा. प्लास्टी डिप हे त्यातले परिचित नाव. पाच-सहा भरगच्च हात दिले तर तो पुढे सलग सोलून निघतो. दोन-तीन हातांत काटकसर केली, तर सोलताना नखाएवढे तुकडे निघत राहतात आणि एका चाकाला संध्याकाळ जाते. पेट्रोलचे थेंब त्याला मऊ करतात आणि दगडांपुढे तो टिकत नाही.

टिकाऊपणात पावडर कोटिंग सर्वांत वरचे आहे. स्थिर विद्युतभाराने चिकटवलेली पावडर भट्टीत वितळून साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा सलग थर तयार होतो. खडी, चिखल, वाळू अशा वाटेने जाणाऱ्या गाडीला तेच योग्य, मात्र त्यासाठी टायर, व्हॉल्व्ह, टायरच्या दाबाचा सेन्सर सारे उतरवावे लागते आणि काम व्यावसायिकाकडे द्यावे लागते.

डब्याचा किंवा गनचा द्रव रंग या दोहोंच्या मधला. त्याची छटा हवी तशी जमवता येते, खरचटल्यास तेवढ्या जागी दुरुस्ती होते, आणि तयारी मन लावून केली तर तो काही वर्षे सहज टिकतो. डब्यातल्या रंगाला नावे ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा रंग तयारीत फसलेला असतो, असे माझे मत आहे.

४. टायर काढावाच लागतो का?

पावडर कोटिंगला आणि पूर्ण रंग उतरवायचा असेल तेव्हा होय. फक्त दर्शनी बाजू स्प्रेने रंगवायची असेल, तर टायर तसाच ठेवूनही चांगले काम होते. हवा थोडी कमी करून टायरची भिंत किंचित दाबावी आणि टायर व रिमची कड यांच्या फटीत पत्त्यांच्या कॅटातील पाने एकावर एक थोडी चढवत गोलाकार खोचावीत. एका चाकाला एक कॅट बहुधा पुरतो. टेप कडेवर जिथे संपतो तिथे रंगाची धार उभी राहते आणि पुढे तिथूनच पोपडा सुटतो. पाने कडेच्या मागे जात असल्यामुळे रंग कडेवरून वळून आत उतरतो आणि ती धार दिसत नाही. काम झाल्यावर हवा पुन्हा पूर्ण भरण्यास विसरू नये.

चाक गाडीवरच ठेवून रंगवण्याचा सल्ला मी देणार नाही. ब्रेकच्या चकतीवर रंगाचे तुषार बसतात, आणि चाकाच्या खिडक्यांच्या आतल्या बाजू जुन्याच रंगात राहिल्याने दहा पावलांवरूनही काम अर्धवट दिसते. चाके उतरवल्यावर गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर ठेवावी.

५. जुना रंग मुळापर्यंत काढावा लागतो का?

नाही. कारखान्याचा रंग शाबूत असेल, तर त्याच्याइतका चांगला पाया आपल्या हातून तयार होणार नाही. त्याची फक्त चमक मारावी आणि त्यावर काम करावे. पोपडे सुटलेले असतील, फुगवटे आले असतील किंवा खाली पांढरी बुरशीसारखी पावडर दिसत असेल, तर मात्र तेवढा भाग निरोगी कडेपर्यंत काढावा. अर्ध्याहून अधिक चाक असे असेल, तर सगळेच उतरवणे सोपे.

उतरवण्यासाठी रासायनिक स्ट्रिपर वापरायचा असेल, तर तो ॲल्युमिनियमला चालणारा आहे, हे डब्यावर पाहावे. कॉस्टिक सोड्याचे द्रावण ॲल्युमिनियमला अक्षरशः खाते. मिथिलीन क्लोराइड असलेले स्ट्रिपर बंद खोलीत जीवघेणे ठरलेले आहेत आणि अनेक देशांनी त्यांच्या घरगुती विक्रीवर बंदी घातली आहे, म्हणून ते टाळावेत. ब्लास्टिंग (हवेच्या दाबाने वाळूसारखे कण मारून रंग उडवणे) करायचे झाल्यास माध्यम बारीक आणि दाब कमी असावा. पोलादावर वापरलेले माध्यम पुन्हा ॲल्युमिनियमवर मारू नये, कारण त्यातील लोखंडाचे कण पृष्ठभागात रुतून बसतात आणि नंतर रंगाखाली तपकिरी ठिपके उमटतात.

६. घासण्याआधी धुण्यावर इतका भर का? घासल्यावर धूळ निघणारच आहे ना?

धूळ निघते, सिलिकॉन निघत नाही. टायर काळाभोर दिसावा म्हणून लावलेल्या चकाकीच्या द्रवात सिलिकॉन असते आणि ते फिरत्या टायरवरून उडून चाकभर बसते. धुण्याआधी घासले, तर पेपर तेच सिलिकॉन प्रत्येक ओरखड्यात दाबून भरतो. माझ्या पहिल्या संचातील तीन चाके सुरेख झाली. चौथ्यावर रंगाचा पहिला ओला हात पडताच रंग जागोजाग मागे सरकला आणि मसुरीएवढी गोल भोके पडली, प्रत्येकाच्या तळाशी राखाडी प्राइमर (रंगाआधीचा पायाचा थर) दिसत होता. त्या एकाच चाकाचा टायर आदल्या आठवड्यात कोणीतरी चमकवून दिला होता.

क्रम असा असावा. प्रथम पाणी आणि भांड्यांचा साबण. मग ब्रेकच्या धुळीसाठी आयर्न रिमूव्हर, जो लोहकणांना लागताच जांभळा होतो. जांभळी धार येणे थांबेपर्यंत तो पुन्हा मारावा. नंतर मेण व ग्रीस काढणारा सॉल्व्हंट, आणि तोही दोन फडक्यांनी: एका ओल्याने पुसत जायचे आणि सॉल्व्हंट वाळण्याआधीच दुसऱ्या कोरड्याने टिपून घ्यायचे. एकाच फडक्याने पुसल्यास घाण फक्त जागा बदलते. घासून झाल्यावर हीच सॉल्व्हंटची पुसणी पुन्हा करावी आणि त्यानंतर उघड्या हाताने चाकाला स्पर्श करू नये.

७. कोणत्या नंबरचा पेपर वापरावा? फुटपाथला घासून पडलेले खोल ओरखडे कसे भरावेत?

शाबूत रंगाची चमक मारण्यासाठी ३२० ते ४०० नंबरचा वॉटर पेपर पुरतो. आऱ्यांच्या बेचक्यांत पेपर पोहोचत नाही, तिथे राखाडी किंवा तांबड्या रंगाचे न विणलेले घासणीचे पॅड वापरावे. घासून झालेले चाक कोरडे करून उजेडात धरावे. जिथे चमक शिल्लक दिसेल, तिथे रंग धरणार नाही.

कडेवरचे ओरखडे उथळ असतील, तर ८० किंवा १२० नंबरने त्यांचे काठ बोथट करून १८०, मग ३२० असे उतरत यावे. खोल असतील, तर ॲल्युमिनियमची भुकटी मिसळलेली दोन घटकांची लांबी पातळ भरावी आणि घट्ट झाल्यावर कडेच्या मूळ गोलाईबरोबर घासून घ्यावी. लांबी केवळ दिसण्यापुरती असते. धातूचा लचका निघाला असेल किंवा कड वाकली असेल, तर ते लांबीचे काम नव्हे.

८. प्राइमर कोणता घ्यावा? तो टाळला तर चालेल का?

घासलेल्या शाबूत रंगावर साधा भरणी प्राइमर चालतो. उघड्या ॲल्युमिनियमवर तो चालत नाही, कारण हवा लागताच या धातूवर ऑक्साइडची अतिशय पातळ पापुद्री तयार होते आणि तिला साधा रंग नीट धरत नाही. तिथे सेल्फ-एचिंग प्राइमर म्हणजे धातूला किंचित चावून बसणारा आम्लयुक्त प्राइमर, नाहीतर इपॉक्सी प्राइमर हवा. उघडा धातू घासल्यानंतर शक्य तितक्या लवकर, निदान त्याच दिवशी, प्राइमर मारावा.

दोन्हींपैकी एकच निवडावा. एचिंग प्राइमरवर थेट इपॉक्सी मारल्यास खालचे आम्ल वरच्या थराच्या जमण्यात अडथळा आणते. निर्मात्याने स्पष्ट परवानगी दिली असेल, तरच तसे करावे. एकूणच प्राइमर, रंग आणि वरचा क्लिअर (रंगाचे रक्षण करणारा पारदर्शक थर) एकाच निर्मात्याच्या एकाच मालिकेतील घेतले, तर थर एकमेकांशी भांडत नाहीत.

९. रंगाचे किती हात द्यावेत आणि दोन हातांत किती वेळ ठेवावा?

प्राइमरचे दोन, रंगाचे तीन ते चार आणि क्लिअरचे दोन ते तीन हात, असा ढोबळ हिशेब आहे. पण हातांच्या संख्येपेक्षा प्रत्येक हाताची जाडी महत्त्वाची. पहिला हात मुद्दाम विरळ, खालचे दिसेल इतका, धुक्यासारखा द्यावा. त्यावर पुढचे हात पकड घेतात. डबा २० ते २५ सेंटिमीटर अंतरावर धरावा, फवारा चाकाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा, आणि दोन हातांत डब्यावर सांगितलेला वेळ, जो साधारण १० ते १५ मिनिटे असतो, तेवढा जाऊ द्यावा. आधी आऱ्यांच्या कडा आणि नटांचे खळगे, मग दर्शनी भाग, हा क्रम ठेवल्यास अवघड जागा कोऱ्या राहत नाहीत. चाक आडवे ठेवून प्रत्येक हातानंतर पाव फेरा फिरवावा.

हवा १५ ते २५ अंश सेल्सिअस आणि कोरडी असावी. दमट दिवशी क्लिअर दुधाळ होतो. डबा थंड असेल, तर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवावा, गरम पाण्यात किंवा आगीजवळ कधीही नाही.

क्लिअर एका घटकाचा घ्यावा की हार्डनर (रंग कडक करणारा घटक) मिसळलेला दोन घटकांचा, हा यातील खरा निर्णय. दोन घटकांचा क्लिअर पेट्रोल, ब्रेकची धूळ आणि क्लीनर यांना कितीतरी अधिक काळ दाद देत नाही, परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ज्याचा एकदा दमा जडला की पुढे अल्प प्रमाणही सहन होत नाही. साधा कापडी मुखवटा त्यापुढे निरुपयोगी आहे, आणि बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा घरी असतो कुणाकडे? प्राइमर आणि रंग स्वतः मारून शेवटचा क्लिअर रंगाच्या बूथमध्ये मारून घेणे, हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

१०. पावडर कोटिंगच्या भट्टीने अलॉयची ताकद कमी होते, असे ऐकले. खरे काय?

भीती निराधार नाही, पण ती मोजूनमापून बाळगावी. बहुतेक ओतीव चाके सिलिकॉन आणि मॅग्नेशियम असलेल्या ॲल्युमिनियमची असतात. ओतल्यानंतर ती सुमारे ५४० अंशांवर तापवून झटकन थंड करतात आणि मग १५० ते १८० अंशांच्या आसपास काही तास ठेवून त्यांना ताकद आणतात. पावडर साधारण १८० ते २०० अंशांवर १० ते २० मिनिटांत पक्की होते. म्हणजे तापमान ताकद आणणाऱ्या पायरीच्या जवळचे किंवा थोडे वरचे असले, तरी वेळ अगदी थोडा असतो, आणि एकदा-दोनदा नीट झालेल्या भाजणीने व्यवहारात अडचण येत नाही. अडचण येते ती रंग जाळून काढण्याच्या उच्च तापमानाच्या भट्टीने आणि एकाच चाकाच्या पुनःपुन्हा होणाऱ्या भाजणीने.

त्यामुळे काम देताना दोन प्रश्न विचारावेत: जुना रंग जाळून काढणार की रसायनाने, आणि धातूचे कमाल तापमान किती जाऊ देणार. पहिल्याचे उत्तर ‘जाळून’ असे आले, तर चाके परत आणावीत.

ओतीव चाकांच्या सूक्ष्म छिद्रांतील हवा भट्टीत बाहेर पडून पावडरमध्ये टाचणीच्या टोकाएवढे फोड येतात, हा आणखी एक वेगळा दोष. तो टाळण्यासाठी पावडर मारण्याआधी चाक नुसतेच एकदा तापवून घेतात. ही तापवणीही वरच्या मर्यादेतच झाली पाहिजे.

११. चाकाच्या कोणत्या भागाला रंग लागता कामा नये?

हा प्रश्न फार थोडे लोक आपणहून विचारतात, म्हणून तो मीच यादीत घातला आहे. तीन जागा आहेत.

पहिली, चाकाची मागची सपाट बाजू, जी हबवर (चाक ज्यावर बसवतात त्या गाडीच्या फिरत्या भागावर) टेकते. दुसरी, नट जिथे बसतो ते शंकूच्या किंवा गोळ्याच्या आकाराचे खळगे. या दोन्ही ठिकाणी धातूवर धातू घट्ट बसणे अपेक्षित असते. मध्ये रंगाचा जाड थर आला, तर नट आवळताना टॉर्क पाना (नट किती जोराने आवळला ते मोजणारा) बरोबर आकडा दाखवतो, पण ती ओढ रंगावर आलेली असते. गाडी चालल्यावर उष्णतेने आणि कंपनाने रंग दबतो, काही ठिकाणी पिचतो, बोल्टमधील ताण तेवढा उतरतो आणि नट सैल होतात. पावडरचा थर द्रव रंगाहून जाड असल्याने तिथे हा धोका अधिक. भट्टीचे काम करणाऱ्याकडे सिलिकॉनची बुचे आणि उष्णता सोसणारी टेप असते. ती या जागांवर लावायला आवर्जून सांगावे. स्प्रेने काम करताना नटांच्या खळग्यांत जुने नट उलटे ठेवले किंवा फेसाचे गोळे दाबून बसवले तरी पुरते.

तिसरी जागा टायर उतरवल्यावरच दिसते: टायरची कड जिथे रिमवर दाबून बसते तो पट्टा. तिथला रंग खडबडीत किंवा ओघळलेला असेल, तर हवा हळूहळू झिरपते. कारखान्याचा गुळगुळीत थर तिथे असतोच, तो राहू द्यावा.

चाके चढवल्यावर नट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, तारेच्या आकाराच्या क्रमाने, समोरासमोरचे असे आवळावेत आणि पहिल्या ८० ते १६० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. चाक एकदा उतरवले की ही तपासणी रंग दिलेला असो वा नसो, करायचीच असते.

१२. क्रोमच्या चाकांवर थेट रंग मारता येतो का?

मारता येतो, टिकत नाही. क्रोमचा सर्वांत वरचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ पण अत्यंत कठीण आणि गुळगुळीत असतो, आणि रंगाला धरण्यासाठी लागणारा खडबडीतपणा त्यावर नीट येत नाही. ‘मी क्रोमवर एचिंग प्राइमर मारला आणि सहा महिने झाले तरी काही झाले नाही’ असे सांगणारे भेटतात. पहिला दगड लागला की त्या जागेपासून रंग पातळ कागदासारखा उचलतो.

पक्के काम हवे असल्यास मुलामा करणाऱ्याकडे विद्युत प्रक्रिया उलटी चालवून क्रोम उतरवून घ्यावा आणि मग उघड्या धातूप्रमाणे काम करावे. घरी ग्राइंडरने क्रोम घासू नये. त्याची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊ देण्यासारखी नाही, आणि निकेलची कड सुटून तिचे वस्तऱ्यासारखे पापुद्रे निघतात. क्रोम मुळातच सोलत असेल, तर त्यावर काहीही मारणे व्यर्थ आहे.

१३. प्लास्टिकच्या क्रोम कवचाची चाके असतील तर?

ती भट्टीत घालता येत नाहीत, कवच वितळेल. ब्लास्टिंगही नाही. कवच ओढून काढले, तर खाली गोंदाचा फेस आणि मुद्दाम ओबडधोबड ठेवलेले ओतकाम मिळते, जे दर्शनी ठेवण्याच्या लायकीचे नसते. सोलून काढता येणारा लेप (प्रश्न ३) हा येथे सर्वांत प्रामाणिक उपाय. कायमचा रंग हवाच असेल, तर बारीक पेपरने हलके घासून, प्लास्टिकला चालणारा पकड वाढवणारा द्रव मारून मग रंग द्यावा आणि प्रश्न १२ मधील मर्यादा गृहीत धरावी.

१४. माझ्या चाकांचा दर्शनी भाग लेथवर तासलेला, चकचकीत आहे आणि क्लिअरखाली पांढऱ्या किड्यांसारख्या रेषा पसरल्या आहेत. नुसता वरून रंग मारू का?

नाही. क्लिअरला कुठेतरी टोचले गेले आहे, तिथून ओल आणि मीठ आत शिरून धातू क्लिअरच्या खाली धाग्याधाग्याने गंजत चालला आहे. वरून रंग मारला, तर ते धागे रंगाखाली तसेच पुढे सरकत राहतात. क्लिअर पूर्ण उतरवून, पांढरा भाग स्वच्छ धातू दिसेपर्यंत घासून, मग प्रश्न ८ प्रमाणे प्राइमर मारावा. आरीच्या धारदार काठावरून हे पुन्हा उद्भवते, कारण तिथे कोणताही रंग पातळच बसतो. प्राइमरपूर्वी ३२० नंबरचा पेपर त्या काठांवरून दोन-तीनदा फिरवून त्यांची धार मारावी.

तासलेली चमक परत हवी असल्यास लेथवर पुन्हा तासून मिळते, पण दर खेपेला धातू कमी होतो, त्यामुळे हे फार वेळा करता येत नाही.

१५. नट, मधले झाकण, व्हॉल्व्ह आणि टायरच्या दाबाचा सेन्सर यांचे काय करावे?

नट रंगवू नयेत. पाना लागताच रंग उडतो. हव्या त्या रंगात तयार मिळणारे, त्याच बसणीचे आणि त्याच आट्याचे नट घ्यावेत. शंकूच्या जागी गोळ्याच्या बसणीचा नट चालत नाही. नव्या रंगावर चरा पडू नये म्हणून प्लास्टिकची खोळ असलेला पातळ सॉकेट वापरावा.

मधले झाकण बहुधा प्लास्टिकचे असते. ते भट्टीत न घालता वेगळे, प्लास्टिकच्या पद्धतीने रंगवावे. सेन्सर भट्टीपूर्वी काढलेच पाहिजेत. त्यांची बॅटरी सीलबंद असते आणि साधारण पाच ते दहा वर्षे चालते, म्हणून गाडी जुनी असेल तर टायर उतरलेलाच आहे तोवर ते बदलून घेणे सोयीचे पडते. कोणता सेन्सर कोणत्या चाकातला, हे लिहून ठेवावे. चिकटवलेली वजनेही निघतील, तेव्हा शेवटी बॅलन्सिंग नव्याने करावे लागेल.

१६. कोणता रंग निवडावा?

आवड तुमची, मी फक्त घाण कशी दिसते ते सांगू शकतो. चकचकीत काळ्यावर धुळीची प्रत्येक बोटखूण आणि फडक्याचा प्रत्येक ओरखडा दिसतो. पांढऱ्यावर ब्रेकची तपकिरी धूळ दुसऱ्या दिवशी दिसते. गडद राखाडी आणि कांस्यरंग बरेच पोटात घालतात. मॅट क्लिअर पॉलिश करता येत नाही, पॉलिश केलेली जागा चमकू लागते, त्यामुळे किरकोळ चऱ्यासाठीही पूर्ण भाग पुन्हा मारावा लागतो. त्यापेक्षा सॅटिन, म्हणजे मंद चमकीचा, व्यवहार्य.

१७. रंग झाल्यावर टायर कधी चढवावा आणि चाके कधी धुवावीत?

स्पर्शाला कोरडा म्हणजे पक्का नव्हे. द्रव रंगाला टायर मशीनवर नेण्यापूर्वी निदान दोन-तीन दिवस द्यावेत. एका घटकाचा रंग पूर्ण कडक होण्यास कित्येकदा तीन-चार आठवडे जातात. नख दाबून खूण उमटत असेल, तर नट आवळतानाही ती उमटणार. पावडर थंड होताच वापरण्याजोगी होते. पहिला महिना फक्त साबणपाणी आणि मऊ कापड वापरावे, आणि आम्लयुक्त व्हील क्लीनर पुढेही टाळावा.

१८. ओघळ आला, भोके पडली किंवा सुरकुत्या उमटल्या. सगळे पुन्हा करावे लागेल का?

ओघळ आल्यास हात लावू नये. पूर्ण वाळू द्यावा, ६०० नंबरने पाण्यात घासून सपाट करावा आणि त्या आरीवर पुन्हा विरळ हात द्यावा. गोल भोके हा सिलिकॉनचा प्रताप आहे (प्रश्न ६). त्यावर आणखी रंग ओतल्याने ती भरत नाहीत, तेवढा भाग प्राइमरपर्यंत घासून, सॉल्व्हंटने पुसून नव्याने करावा. सुरकुत्या म्हणजे वरच्या थरातील थिनरने खालचा अर्धवट वाळलेला थर उचलला. येथे मात्र ते चाक पूर्ण वाळवून घासण्याला पर्याय नाही. पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा झाला असेल आणि तो क्लिअरमध्येच असेल, तर १५०० आणि २००० नंबरने घासून पॉलिश केल्यास निघतो.

१९. जड ट्रकच्या किंवा तुकड्यांच्या रिमना हीच पद्धत चालेल का?

तुकड्यांच्या, म्हणजे वेगळी कडी बसवून टायर अडकवणाऱ्या रिम स्वतः उघडू नयेत. हवा भरताना कडी निसटून माणसे दगावलेली आहेत. ते काम पिंजरा आणि प्रशिक्षण असलेल्यांचे. जड ट्रकच्या एकसंध चाकांना रंग देताना प्रश्न ११ मधील मुद्दा दुप्पट लागू होतो, कारण जोडचाकांत एकमेकांवर टेकणारे पृष्ठभाग अधिक असतात आणि प्रत्येक थराची जाडी त्यात मिळवली जाते. रंगावर रंग चढवत नेलेली जुनी पोलादी चाके आधी मुळापर्यंत साफ करावीत.

२०. ब्रेकच्या उष्णतेने साधा रंग जळणार नाही का? इंजिनचा उष्णतारोधक रंग घेऊ का?

नेहमीच्या वापरात चकती खूप तापली, तरी चाकाला त्याचा थोडाच अंश मिळतो आणि चांगला चाकाचा रंग तो सोसतो. अतिउष्णतेसाठीचे अनेक रंग तापवल्याशिवाय नीट कडक होत नाहीत, आणि चाक तेवढे कधीच तापत नाही. परिणामी ते मऊ राहून खरचटतात. चाकाला चाकाचाच रंग.

२१. एकच चाक खराब झाले आहे. तेवढेच रंगवले तर बाकीच्या तिघांशी जुळेल का?

सपाट काळा किंवा पांढरा असल्यास जुळेल. रुपेरी किंवा धातूकणांच्या रंगात जुळणे कठीण, कारण त्यातील कण कसे निजतात यावर छटा ठरते, आणि ते डब्याच्या अंतरावर, हाताच्या वेगावर, हवेच्या उष्णतेवर अवलंबून असते. तोच संकेतांक, तोच डबा, तरी उन्हात एक चाक गडद दिसते. अशा वेळी निदान एका बाजूची दोन्ही चाके एकत्र रंगवावीत. गाडीच्या दोन्ही बाजू एकाच वेळी कोणालाच दिसत नाहीत.